कर्ज नसूनही अडचणीत आलेला क्लब : एइबारच्या कारागिरांची हकीगत

ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्याला रात्री झोप चांगली लागते, असे आपल्या व्यापारात पूर्वापार सांगतात. आम्ही कापडाच्या गादीवर बसू लागलो तेव्हा पहिला धडा हाच मिळाला. उधारी वेळेवर चुकती करावी, अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि शिलकीपेक्षा मोठी उडी मारू नये. हा धडा खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तो पुरा नाही, हे आम्हाला एका फुटबॉल क्लबाच्या हकीगतीवरून उमगले.

या क्लबाने कोणाचे देणे ठेवले नव्हते. खर्च आवकीच्या आत होता. खेळाडूंचे पगार वेळेवर होत होते. आणि मैदानावर तर त्याने आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या क्लबांना मागे टाकून पहिला नंबर काढला. अशा क्लबाला बक्षीस मिळायला हवे होते. त्याऐवजी कायद्याने सांगितले की अमुक तारखेपर्यंत सतरा लाख युरोंचे नवे भांडवल उभे करा, नाही तर वरच्या वर्गात बढती तर नाहीच, उलट खालच्या वर्गात ढकलले जाल. ही घटना २०१४ सालची, स्पेनच्या उत्तरेकडील बास्क मुलखातली. क्लबाचे नाव सोसिएदाद देपोर्तिवा एइबार.

फुटबॉलची हकीगत व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. तिच्यात गोल थोडे आणि ताळेबंद जास्त आहे, म्हणून. दुसरे असे की, हा क्लब ज्या गावाचा आहे ते गाव कारागिरांचे आहे. बंदुका, सायकली आणि शिलाई मशीन ही त्या गावाची कमाई. तेव्हा आधी गावाची ओळख करून घेऊ.

डोंगरातले कारागीर गाव

एइबार हे गिपुस्कोआ प्रांतातील गाव. एका बाजूला बिल्बाओ, दुसऱ्या बाजूला सान सेबास्तियान. दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर, पन्नासेक किलोमीटरच्या आत. एगो नावाची लहानशी नदी डोंगरांच्या चिंचोळ्या घळीतून वाहते आणि तिच्या काठाने गाव वसले आहे. सपाट जमीन इतकी थोडी की कारखान्यावर कारखाना आणि घरावर घर चढवल्याशिवाय इलाज नव्हता. आज तेथील वस्ती सुमारे २७ हजार आहे.

१३४६ साली या वस्तीला गावाची सनद मिळाली. शेतीला जागा नाही, परंतु आसपास लोखंड, लाकूड आणि पाण्याचा जोर होता. त्यातून शस्त्रे बनवण्याचा धंदा रुजला. शतकानुशतके स्पेनच्या फौजांना येथून व शेजारच्या गावांतून बंदुका जात. हे काम एका छपराखाली होत नसे. कोणी नळी बनवी, कोणी चाप बनवी, कोणी लाकडी दस्ता तासून देई, कोणी शेवटी सारे जुळवी. घरोघरी लहान कारखाने, उस्ताद आणि शागीर्द. एकाचा माल दुसऱ्याच्या मालात बसायचा असेल तर केसभराचाही फरक चालत नाही. त्यामुळे मापाची शिस्त आणि शेजाऱ्यावर भरवसा, या दोन गोष्टी गावाच्या हाडीमाशी खिळल्या.

याच गावात एक आणखी हुनर वाढला. पोलादावर बारीक रेघा कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवायची आणि मग पोलाद काळे करायचे. काळ्यावर सोन्याची वेलबुट्टी उठून दिसते. या कामाला स्पॅनिशमध्ये 'दमास्किनादो' म्हणतात; नाव आले आहे दमिश्क शहरावरून. आपल्याकडे याच जातीच्या कामाला कोफ्तगरी म्हणतात, हे आमच्या कारागीर वाचकांना सांगायला नको. एइबारचे प्लासिदो सुलोआगा (१८३४–१९१०) हे या कलेतले मोठे उस्ताद. ग्रानाडाच्या अलहम्ब्रा महालातील नक्षीचा त्यांच्या कामावर मोठा असर आहे. त्यांच्या घराण्याच्या वस्तूंचा मोठा साठा आज लंडनच्या खलिली संग्रहात जपून ठेवलेला आहे. प्रसिद्ध चित्रकार इग्नासिओ सुलोआगा हे त्यांचेच चिरंजीव, जन्म एइबारचा, १८७० चा.

माल बदलला, हात तोच राहिला

पहिल्या महायुद्धात एइबारच्या कारखान्यांना बरकत आली. फ्रान्सच्या फौजेला पिस्तुले कमी पडत होती. 'रुबी' नावाच्या पिस्तुलाच्या मागण्या १९१५ पासून येऊ लागल्या आणि एका कारखान्याला त्या झेपेनात म्हणून गावातल्या अनेक लहानमोठ्या कारखान्यांनी वाटून घेतल्या. परंतु युद्ध संपले आणि गिऱ्हाईकही संपले. एकाच मालावर आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा कसा कोसळतो, याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्या दिवसांची कल्पना येईल.

अशा वेळी गावाने काय केले? हातातला हुनर तोच ठेवला आणि माल बदलला. बंदुकीची नळी करणारा माणूस सायकलीची नळीही करू शकतो. ओर्बेआ हा १८४० चा बंदुकांचा कारखाना. तो सायकली बनवू लागला. बेइस्तेगी बंधूंनी १९०९ साली शस्त्रांचा कारखाना काढला होता. तेही १९२०च्या दशकात सायकलींकडे वळले. 'बेआचे' या आद्याक्षरांनी त्यांची सायकल पुढे स्पेनभर गेली.

आम्हा कापडवाल्यांना जास्त जवळची वाटेल अशी गोष्ट 'आल्फा'ची. १९२० साली संपाच्या धामधुमीनंतर शस्त्र कारखान्यांतील कामगारांनी स्वतःच एकत्र येऊन सहकारी कारखाना काढला. तोरिबिओ एचेवारिया हे त्याचे व्यवस्थापक. सुरुवातीस त्यांनीही पिस्तुलेच बनवली. पुढे बाजार पाहून त्यांनी शिलाई मशीन हाती घेतले. सुई वरखाली नेणारा दांडा, धाग्याचा फासा पकडणारे शटल, कापड पुढे सरकवणारे दाते, या साऱ्यांची वेळ एकमेकांशी अचूक जुळावी लागते. बंदुकीच्या चापालाही तेच लागते. स्पेनमध्ये शिलाई मशीन बनवणारा पहिला कारखाना म्हणून आल्फाचे नाव घेतले जाते आणि तो कामगारांच्या हिश्शांवर उभा होता.

हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. भांडवल एका शेठजीकडूनच यावे लागते असे नाही, हे या गावाला फुटबॉल क्लब निघण्याआधी वीस वर्षे ठाऊक होते. १९१२ साली गावाने शस्त्रविद्येची शाळा स्थापन केली, तीही याच वळणाची. पुढे याच खोऱ्यात, थोड्या अंतरावर, १९५६ मध्ये मोन्द्रागोनची प्रसिद्ध सहकारी चळवळ सुरू झाली आणि १९६९ मध्ये ओर्बेआही सहकारी झाली.

राखेतून निघालेला क्लब

१४ एप्रिल १९३१ च्या सकाळी स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा सर्वांत आधी एइबारने केली. पाच वर्षांनी देशात यादवी युद्ध पेटले. कित्येक महिने लढाईची आघाडी गावाच्या अंगणात होती. एप्रिल १९३७ मध्ये विमानांनी बॉम्ब टाकले, आग लागली आणि फौजा आत शिरल्या तेव्हा गावाचा मोठा भाग ढिगारा झालेला होता. बरेच लोक परागंदा झाले होते.

अशा गावात ३० नोव्हेंबर १९४० रोजी दोन स्थानिक संघ एकत्र आले. एकाचे नाव देपोर्तिवो गालो, दुसऱ्याचे उनिओन देपोर्तिवा एइबारेसा. दोन दुबळी दुकाने वेगवेगळी चालवण्यापेक्षा एक नीट चालवावे, असाच हा हिशेब. त्या मिलाफातून आजचा क्लब जन्मला. कपड्यांचा रंग निळा व किरमिजी. लोक खेळाडूंना 'आर्मेरोस' म्हणू लागले, म्हणजे बंदुका बनवणारे.

सप्टेंबर १९४७ मध्ये क्लबाचे इपुरुआ हे मैदान सुरू झाले. डोंगर कापून काढलेली ही जागा. भोवती राहत्या इमारती इतक्या जवळ आहेत की काही बिऱ्हाडे सज्जात बसून सामना पाहतात. क्लब २०१४ साली पहिल्या वर्गात गेला तेव्हा तेथे सहा हजारांच्या आतबाहेर माणसे बसत. नंतर वाढवून ही संख्या आठ हजारांवर नेली. बार्सिलोनाच्या मैदानात तेव्हा एका वेळी बसणारे लोक म्हणजे एइबारची तीनहून अधिक गावे, इतका हा फरक.

चढ आणि उतार

येथे फुटबॉलच्या व्यवस्थेबद्दल दोन शब्द. स्पेनमध्ये वर्गांची उतरंड आहे. सर्वांत वर पहिला वर्ग, त्यात २० क्लब. दर वर्षी शेवटचे तीन क्लब दुसऱ्या वर्गात उतरतात आणि तेथील पहिले दोन थेट वर चढतात. तिसऱ्या जागेसाठी पुढच्या चौघांत सामने होतात. म्हणजे गिऱ्हाईक, आवक, टीव्हीचे पैसे, सारे काही दर वर्षी पणाला लागलेले असते.

एइबारने १९५३ ते १९५८ दुसऱ्या वर्गात काढली आणि मग तीस वर्षे खालीच राहिला. १९८८ मध्ये पुन्हा वर आला तेव्हा मात्र सलग अठरा हंगाम टिकला. ती वर्षे गावाला कठीण होती. १९७०च्या दशकात वस्ती चाळीस हजारांच्या जवळ गेली होती, पण कारखाने बंद पडू लागले आणि माणसे गाव सोडू लागली. 'स्टार' हा पिस्तुलांचा जुना कारखाना १९९७ मध्ये बंद झाला. वस्ती घटत होती, आणि क्लब तेवढा आपल्या जागी टिकून होता.

टिकण्याची त्यांची रीत साधी होती. मोठे खेळाडू विकत घेण्याची ऐपत नाही, तर मोठ्या क्लबांचे तरुण खेळाडू हंगामापुरते मागून आणायचे. मोठ्या क्लबालाही ते हवे असते. त्याच्या पोराला खेळायला जागा मिळते. २०००–०१ मध्ये सान सेबास्तियानच्या रेआल सोसिएदादने शाबी आलोन्सोला येथे पाठवले. २००४–०५ मध्ये व्हालेन्सिआहून अठरा-एकोणीस वर्षांचा दाविद सिल्वा आला. त्या हंगामात होसे लुइस मेन्दिलिबार यांच्या हाताखाली एइबार चौथा आला, पहिला वर्ग थोडक्यात हुकला. हे दोघे तरुण २०१० साली विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात होते. त्यांची नावे लक्षात ठेवावीत, पुढे लागणार आहेत.

२००६ मध्ये घसरण झाली. २००७ मध्ये वर, २००९ मध्ये पुन्हा खाली. तिसऱ्या पायरीवर चार वर्षे गेली. मग क्लबाचा जुना खेळाडू गाइस्का गारितानो प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली २०१२ मध्ये चषक स्पर्धेत एइबारने शेजारच्या बलाढ्य आथलेतिक बिल्बाओला बाहेर काढले आणि २०१३ मध्ये दुसऱ्या वर्गात पाय ठेवला. लोकांना वाटले, आता टिकले तरी पुष्कळ. परंतु वर्षभरात, २०१४ मध्ये, एइबारने दुसऱ्या वर्गाचे अजिंक्यपदच मिळवले. खर्चाचा अंदाज होता चाळीस लाख युरोंच्या आसपास, त्या वर्गातील सर्वांत लहानांपैकी. पहिल्या वर्गात गाठ पडणार होती रेआल माद्रिदशी, ज्याचा वर्षाचा खर्च पन्नास कोटी युरोंच्या वर होता.

कायद्याचा पेच

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

स्पेनमध्ये अनेक क्लब कर्जात बुडालेले होते. त्यांना शिस्त लावावी म्हणून १९९० साली क्रीडा कायदा झाला. रेआल माद्रिद, बार्सिलोना, आथलेतिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब सोडून बाकी व्यावसायिक क्लबांना भागभांडवलाच्या कंपन्या व्हावे लागले. एइबारही १९९२ मध्ये कंपनी झाला. १९९९ च्या शाही फर्मानात भांडवलाचा नियम पक्का केला गेला. तो थोडक्यात असा : क्लबाचे भागभांडवल निदान इतके असावे की ते दुसऱ्या वर्गातील क्लबांच्या सरासरी खर्चाच्या एक चतुर्थांश भरेल. सरासरी काढताना सर्वांत जास्त खर्चाचे दोन आणि सर्वांत कमी खर्चाचे दोन क्लब वगळायचे.

नियमाचा हेतू वाईट नव्हता. ज्याचे स्वतःचे पैसे धंद्यात नाहीत तो दुसऱ्याच्या पैशावर उड्या मारतो, हे आपणही पाहतो. पण माप कोणते लावले, ते पाहा. क्लबाचे स्वतःचे देणे किती, हे नियमाने विचारले नाही. इतर क्लब किती खर्च करतात, हे विचारले. म्हणजे शेजारी उधळे असतील तर त्यांच्या उधळेपणाच्या मापाने काटकसरी माणसाने भांडवल दाखवायचे.

एइबारच्या वाट्याला आलेला आकडा होता २१ लाख ४६ हजार ५२५ युरो. क्लबाचे भांडवल होते ४ लाख २२ हजार २५३ युरो. तूट १७ लाख २४ हजार २७२ युरो, त्या वेळच्या भावाने सुमारे १४ कोटी रुपये. मुदत ६ ऑगस्ट २०१४. मुदत चुकली तर पहिला वर्ग राहिला बाजूला, क्लब थेट तिसऱ्या पायरीवर.

कर्ज काढून ही तूट भरता आली असती का? नाही, आणि हेच आपल्या धंद्यातल्या माणसाने नीट समजून घ्यावे. कर्जाने तिजोरीत रोकड येते, पण ते देणे असते. ताळेबंदात ते भांडवलाच्या खात्यात बसत नाही. भांडवल म्हणजे हिस्सेदाराने धंद्यात घातलेला आणि परत मागण्याचा हक्क नसलेला पैसा. धंदा बुडाला तर तो बुडतो. कर्ज नसणे आणि भांडवल असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी कित्येकजण आवक-जावक बरोबर ठेवतात, कोणाचे देणे लागत नाहीत आणि धंदा मजबूत आहे असे समजतात. परंतु पायात स्वतःचे किती घातले आहे, हे बाहेरच्या कोणी विचारेपर्यंत मोजत नाहीत. एइबारचे नेमके तेच झाले.

पन्नास युरोंपासून हिस्सा

क्लबाचे अध्यक्ष होते आलेक्स आरान्साबाल. त्यांच्यासमोर दोन रस्ते होते. एक सोपा. कोणी श्रीमंत गाठावा, त्याने चेक लिहावा, क्लब त्याचा व्हावा. स्पेनमधील काही क्लब असे परक्या धनवंतांच्या हाती गेले होते आणि त्यांपैकी काहींचे पुढे हाल झाले. दुसरा रस्ता लांबचा होता. हिस्से लहान करायचे आणि ते दुनियेला विकायचे.

त्यांनी दुसरा घेतला. 'एइबारला वाचवा' अशा अर्थाची मोहीम सुरू झाली. कमीत कमी ५० युरोंचा हिस्सा. आणि वरची मर्यादाही घातली : एका माणसाने एक लाख युरोंपेक्षा जास्त घालायचे नाहीत. गरज असलेला माणूस पैसे आणणाऱ्याला जास्तीची मर्यादा घालतो, हे ऐकून नवल वाटेल. पण त्यामागे शहाणपण होते. आज अडचण भागवण्यासाठी जो सारी तूट एकटा भरतो, तो उद्या गल्ल्यावर बसतो.

आम्ही सवयीने आकडेमोड केली. पन्नास युरोंच्या हिशेबाने १७ लाख २४ हजार भरायचे तर सुमारे साडेचौतीस हजार हिस्से खपले पाहिजेत. गाव सत्तावीस हजारांचे. पाळण्यातल्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाने एकेक घेतला असता तरी तूट भरत नव्हती. तेव्हा गावाबाहेर जाणे भागच होते. आणि येथे जुनी पुण्याई उपयोगी पडली. शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वा, आता जगभर नाव झालेले, मोहिमेच्या पाठीशी उघडपणे उभे राहिले. तरुणपणी एकेक हंगाम येथे काढलेली ही माणसे. मागून आणलेल्या माणसालाही घरच्यासारखे वागवले तर तो कधीतरी कामास येतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

वर्तमानपत्रांनी बातमी उचलली. ज्यांनी एइबार नकाशावर पाहिलेही नव्हते अशा लोकांनी हिस्से घेतले. सुमारे दहा हजार हिस्सेदार झाले, पन्नासहून अधिक देशांतले. मुदत ऑगस्टची होती. रक्कम जुलैतच पुरी झाली. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण मुलांना शिकवतो. एइबारने ती ताळेबंदात उतरवून दाखवली.

यातल्या बहुतेकांना नफ्याची आशा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पन्नास युरो घालणारा माणूस वाट्याचा हिशेब करून आला नव्हता. त्याला वाटले की ज्याने कोणाचे बुडवले नाही त्याला नियमाच्या कात्रीत सापडू देऊ नये. चोख व्यवहाराची कीर्ती ताळेबंदात कोठे लिहिता येत नाही. तरी त्या उन्हाळ्यात तिचे रोख पैसे झाले.

त्याच तराजूचे दुसरे पारडे

२४ ऑगस्ट २०१४ रोजी इपुरुआवर पहिल्या वर्गातला पहिला सामना झाला. समोर शेजारचा मोठा भाऊ रेआल सोसिएदाद. हावी लाराने फ्री किकवर गोल केला आणि एइबारने सामना १–० जिंकला. गावाला ईदचा दिवस उगवल्यासारखे झाले असेल.

हंगामाचा उत्तरार्ध मात्र वाईट गेला. मे २०१५ मध्ये हिशेब झाला तेव्हा एइबार अठराव्या स्थानी होता. वरच्या दोन क्लबांचे गुण त्याच्याइतकेच, ३५. तरी नियमाने खाली जायचे ते एइबारनेच. प्रशिक्षक गारितानोने राजीनामा दिला.

आणि तेव्हा तोच कायदा दुसऱ्या बाजूने फिरला. एल्चे नावाचा क्लब तेरावा आला होता, मैदानावर तो सुरक्षित होता. परंतु त्याच्याकडे कर थकले होते, देणी थकली होती. जून २०१५ मध्ये त्याला हिशेबाच्या कारणावरून खालच्या वर्गात उतरवण्यात आले. रिकामी झालेली जागा एइबारला मिळाली. ज्या क्लबाला भांडवल कमी म्हणून वर्षापूर्वी कायद्याने अडवले होते, तोच क्लब दुसऱ्याच्या कर्जामुळे पहिल्या वर्गात राहिला. यात एइबारचे कर्तृत्व किती आणि नशीब किती, हे वाचकांनी ठरवावे. आमचे म्हणणे इतकेच की, नशिबाने दार उघडले तेव्हा आत पाऊल टाकण्याइतके त्याचे पाय मोकळे होते.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तोवर स्पेनमध्ये प्रत्येक क्लब टीव्हीचे हक्क स्वतंत्र विकत असे. मोठ्यांना ढीग, लहानांना चिमूट. एप्रिल २०१५ च्या फर्मानाने हे हक्क एकत्र विकण्याचे ठरले आणि पहिल्या वर्गाच्या वाट्यातील निम्मी रक्कम सर्व क्लबांत सारखी वाटली जाऊ लागली. लहान क्लबाला पहिल्या वर्गात राहण्याचे मोल यापुढे फार वाढले. एइबार ऐन वेळी आत होता.

सात वर्षे आणि नंतर

२०१५ मध्ये मेन्दिलिबार परत आले. ते शेजारच्या सालदिबारचे, जवळजवळ घरचेच. त्यांनी सहा हंगाम क्लब सांभाळला. चौदावा, दहावा, नववा, बारावा, चौदावा, असे नंबर येत राहिले. जपानचा ताकाशी इनुई येथे खेळला. मे २०१७ मध्ये त्याने बार्सिलोनाच्या मैदानावर दोन गोल केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये इपुरुआवर रेआल माद्रिदचा ३–० असा पराभव झाला. २०१६ पासून आमाइआ गोरोस्तिसा या बाई क्लबाच्या अध्यक्ष झाल्या. बायकांचा संघही २०२० मध्ये आपल्या पहिल्या वर्गात पोचला. खेळाडू स्वस्तात घ्यायचे, घडवायचे आणि चांगला भाव आला की जाऊ द्यायचे, हा शिरस्ता चालू राहिला. बचावपटू लेजेन २०१७ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलला गेला, जोआन जोर्दान २०१९ मध्ये सेविल्याला. कच्च्या मालाला घडणावळ चढवून विकायची, हा तर त्या गावाचा जुना धंदाच.

मे २०२१ मध्ये एइबार शेवटच्या, विसाव्या स्थानी राहून खाली गेला. सात वर्षांचा मुक्काम संपला. मेन्दिलिबार निघून गेले आणि पुढे २०२३ मध्ये सेविल्यासाठी व २०२४ मध्ये ग्रीसच्या ऑलिंपियाकोससाठी त्यांनी युरोपातील चषक जिंकले. एइबार मात्र परत येता येता राहिला. मे २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी आल्कोर्कोनला हरवले असते तर थेट बढती होती. आल्कोर्कोन आधीच खालच्या वर्गात गेलेला होता, त्याला कमवायचे काही नव्हते. तरी अखेरच्या मिनिटांत त्याने गोल केला आणि एइबार १–० ने हरला. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे बढतीच्या सामन्यांतून रिकाम्या हाताने परतावे लागले. २०२४–२५ चा हंगामही दुसऱ्या वर्गातच गेला.

म्हणून ही गोष्ट यशाची आहे असे आम्ही म्हणत नाही. सत्तावीस हजारांचे गाव कायम माद्रिद-बार्सिलोनाच्या पंक्तीला बसेल, असे त्या गावातल्या शहाण्या माणसानेही मानले नसेल. मोठ्या उडीनंतर खाली पडलेले क्लब स्पेनमध्ये पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींची दारे कायमची बंद झाली. एइबार खाली आला, पण त्याचे दुकान उघडे आहे, नाव शाबूत आहे आणि हिस्से हजारो हातांत आहेत.

आमच्यापुरते सांगायचे तर या हकीगतीने आम्ही आमच्या वहीत एक नवा रकाना पाडला. देणे किती आणि येणे किती, हे पूर्वीपासून लिहीत होतो. आता वर्षअखेरीस पायात स्वतःचे किती आहे आणि उद्या अचानक कोणी पाचपट दाखवा म्हणाले तर कोणाकोणाच्या दाराशी आपण मान वर करून जाऊ शकू, हेही लिहितो. पहिला आकडा आपोआप वाढत नाही, त्यासाठी नफ्यातले थोडे मागे ठेवावे लागते. दुसरी यादी तर पैशाने होतच नाही. ती वीस-तीस वर्षांच्या मापात, तोलात आणि शब्दात तयार होते. ज्या कारागीर वाचकांकडे पहिला आकडा लहान आहे, त्यांनी निदान ही दुसरी यादी एकदा करून पाहावी.